५८ मुलांचा सातवीचा वर्ग आणि बसलेला घसा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा की जूनपासून तुम्ही शिक्षण सेवक म्हणून, म्हणजे मानधनावर, लागलात, सातवीला गणित-विज्ञान आहे, पटावर ५८ मुलं, तास नेमका मधल्या सुट्टीनंतरचा, वर्गात पाय ठेवल्यापासून पहिली दहा-बारा मिनिटं "शांत बसा, शांत बसा" करण्यातच जातात, दिवाळीपर्यंत घसा पार बसला. मुख्याध्यापक म्हणतात थोडा धाक ठेवा, शेजारच्या वर्गावरचे सर म्हणतात छडी घ्या, दोन दिवसात सरळ होतील. आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा सारखा बाक वाजवतो, त्याचं काय करायचं तेच कळत नाही.

मी २४ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवतेय, सगळी नोकरी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पाथर्डी-शेवगाव भागात, आधी दोन शिक्षकी शाळा, नंतर आठवीपर्यंतची मोठी शाळा. लागले तेव्हा मीही शिक्षण सेवकच होते, महिना ३००० मानधन. त्यामुळे तुम्ही जिथे उभ्या आहात ते मला चांगलं माहितीये, रविवारी संध्याकाळी पोटात जो गोळा येतो ना, तोही. एक गोष्ट आधीच सांगते, हे तुम्हाला जमत नाहीये म्हणून तुम्ही वाईट शिक्षिका आहात असं अजिबात नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागे एक शिक्षक असं लिहिलंय आणि तुमच्यासमोर ५८ बसलेत. बीएडला जे पाठ घेतले ते वीस मिनिटांचे, मागे निरीक्षक बसलेले, मुलं पाहुण्यांसारखी वागणारी. हे काम तिथे कोणी शिकवलेलंच नाही.

आधी छडीचं बोलते कारण ते मनातून गेल्याशिवाय बाकीचं डोक्यात बसणार नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी चौथीतल्या एका मुलाला गृहपाठ केला नाही म्हणून मी हातावर दोन पट्ट्या मारल्या. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, तिसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्याच्या वस्तीवर गेले तर आई म्हणाली, अहो बाई तो तर रोज दप्तर घेऊन जातो की शाळेत. तीन दिवस तो ओढ्याच्या कडेला बसून रहायचा, शाळा सुटायच्या टायमाला घरी. हे कळल्यावर त्या माउलीने माझ्यासमोरच त्याला धरलं आणि मला म्हणाली, "बाई, हाणा त्याला, आमचं काय म्हणणं नाय." तो माझ्याकडे बघत होता आणि मला त्या क्षणी कळलं की या पोराच्या बाजूने आता कोणीच नाही, घरी आई नाही आणि शाळेत मी नाही. त्या दिवसानंतर मी पट्टी फक्त रेघा मारायला वापरली. शिक्षण हक्क कायदा नंतर आला, २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, त्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, म्हणजे अंगठे धरायला लावणं, कोंबडा करणं, उठाबशा काढायला लावणं हे सगळं आलं, आणि सगळ्यांसमोर "तू ढ आहेस" म्हणणं हेही मानसिक छळातच येतं असं मी मानते. पालक कितीही म्हणाले हाणा तरी त्यांच्या परवानगीने ते चालत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी छडीने शांत केलेला वर्ग छडी ठेवली की डबल जोरात उसळतो, हे शेजारच्या सरांच्या वर्गात त्यांच्या ऑफ तासाला जाऊन बघा.

आता मुख्य मुद्दा. माझं इतक्या वर्षांचं म्हणणं एवढंच आहे की वर्गातला गोंधळ बहुतेक वेळा रिकाम्या मिनिटांत जन्म घेतो. मुलं वाईट नसतात, त्यांना त्या मिनिटाला करायला काही नसतं. तुमच्या तासात अशी रिकामी मिनिटं कुठे कुठे आहेत ती शोधायची आणि एकेक बुजवत जायचं. शिस्त लावणं म्हणजे मी तरी हेच समजते.

अमेरिकेत जेकब कौनिन नावाचे संशोधक होते, १९७० च्या सुमाराला त्यांनी वर्गांचं चित्रीकरण करून अभ्यास केला की काही शिक्षकांचे वर्ग सुरळीत का चालतात आणि काहींचे का नाही. त्यांना आधी वाटलं होतं की फरक रागावण्याच्या पद्धतीत असेल, कोण कसं दटावतं त्यात असेल. तर तसं काही निघालंच नाही, दोन्हीकडचे शिक्षक दटावताना साधारण सारखेच. फरक होता तो गोंधळ व्हायच्या आधीच्या वागण्यात. वर्ग सुरळीत चालवणाऱ्या शिक्षकांना सगळ्या खोलीत काय चाललंय ते माहिती असायचं आणि मुलांनाही माहिती असायचं की यांना माहिती आहे. आपल्याकडे मुलं म्हणतातच ना, "बाईंना पाठीला पण डोळे आहेत", अगदी तेच. आणि एका कामातून दुसऱ्या कामात जाताना त्यांच्या वर्गात खंड पडायचा नाही.

तर तुमचे पहिले बारा मिनिट. तुम्ही लिहिलंय की बेल झाल्यावर स्टाफरूममधून निघता, वर्गात जाता तेव्हा मुलं आधीच आत बाहेर पळत असतात. हे असं होणारच, कारण खिचडी खाऊन, हापशावर हात धुऊन, ग्राउंडवर पळून आलेली पोरं आहेत, अंगात घाम आणि डोक्यात कबड्डीचा वाद. तुम्ही बेलच्या दोन मिनिटं आधी वर्गाच्या दारात उभ्या रहा. दारातच, आत नाही. आणि त्याच्याही आधी, सुट्टीतच, फळ्यावर तीन गणितं लिहून ठेवा, सोपी, गेल्या आठवड्यातली, जी वर्गातल्या पन्नास जणांना तरी येतील अशी. मुलं एकेक करून दारातून आत जाताना तुम्ही प्रत्येकाकडे बघायचं, दोघा-तिघांशी एखादा शब्द, "काय रे, गुडघा बरा आहे का", "वही मिळाली का", आणि बोटाने फळा दाखवायचा, बस. ढकलाढकली करत आला तर ओरडायचं नाही, हात आडवा धरायचा, "परत जा, चालत ये." तो परत जाईल, चालत येईल, तुम्ही मान हलवायची. पहिल्या दिवशी दहा जणांना परत पाठवावं लागेल, चौथ्या दिवशी दोघांना.

आत गेल्यावर बाकावर बसून वही काढून तीन गणितं. चार मिनिटं. तुम्ही या चार मिनिटांत हजेरी घ्यायची पण नाव पुकारून नाही, बाकावरून नजर फिरवून, कोणती जागा रिकामी आहे ते बघून. ५८ नावं मोठ्याने घेत बसलात तर तीन-चार मिनिटं ५७ मुलं रिकामी असतात आणि मग आपणच म्हणतो की हजेरी चालू असताना बोलतात. (यासाठी बसायच्या जागा ठरलेल्या पाहिजेत, नकाशा काढून टेबलाच्या काचेखाली ठेवा, महिन्याने बदला. मैत्रिणी-मैत्रिणी तोडायच्या म्हणून बदलू नका, उंची, डोळे, ऐकू येणं आणि कोणाला कोणाची मदत होते हे बघून बसवा.)

हे चार मिनिटांचं काम रोज हवं. एक दिवस आहे, दोन दिवस नाही असं केलं तर मुलं बघत बसतात आज आहे का नाही ते. मला साधारण तीन आठवडे लागले होते वर्गाला ही सवय व्हायला, आणि मधे एकदा मी आजारी पडले तर परत थोडं मागून सुरू करावं लागलं. पण आता माझ्या वर्गात मला यायला पाच मिनिटं उशीर झाला तरी निम्मी मुलं फळ्याकडे बघत वही काढून बसलेली असतात.

दुसरं, शांत करण्याची खूण. "शांत बसा" हे वाक्य मुलांनी पहिलीपासून इतक्या वेळा ऐकलंय की ते आता त्यांना पंख्याच्या आवाजासारखं झालंय. शिवाय त्यात काय करायचं ते सांगितलेलंच नाही. त्याऐवजी एक खूण ठरवा. माझी खूण म्हणजे फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात, नेहमी त्याच जागी, उजवा हात वर करून उभं रहायचं. ज्याने बघितलं त्याने हात वर करायचा, तोंड बंद आणि हातातलं खाली. काही जण टाळीचा ठेका वापरतात, बाईंनी वाजवायचा मुलांनी परत वाजवायचा, तेही चालतं पण शेजारच्या वर्गाला त्रास होतो, आपल्या पत्र्याच्या आणि पार्टिशनच्या वर्गात तर फारच. खूण कोणतीही घ्या, पण ती आधी शिकवा, म्हणजे खरंच एक पाठ घ्या तिचा, "आता सगळे बोला, मोठ्याने बोला, मी हात वर करते बघू किती वेळात होतं", घड्याळ लावून दोन-तीनदा. मुलांना यात मजा येते.

आणि मग सगळ्यात अवघड भाग येतो, थांबण्याचा. हात वर केला की पूर्ण शांत होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. पूर्ण म्हणजे पूर्ण. ५० जण शांत झाले आणि आठ बोलतायत म्हणून आपण सुरू केलं की त्या आठांना कळतं की यांच्यासाठी थांबत नाहीत, आणि उद्या ते बारा होतात. पहिल्या दिवशी मी साडेतीन-चार मिनिटं उभी होते हात वर करून, खांदा दुखायला लागला होता, वाटलं आता कोणीतरी बाहेरून बघेल आणि म्हणेल या बाई काय करतायत. शेवटी मुलांनीच एकमेकांना "ए, गप ना, बाई थांबल्यात" सुरू केलं. शांत झाल्यावर रागावायचं नाही, "बघा किती वेळ गेला" असलं भाषणही नाही. नेहमीपेक्षा हळू आवाजात थेट कामाचं बोलायचं. हळू आवाजाने दोन गोष्टी होतात, मुलांना कान द्यावा लागतो आणि तुमचा घसा वाचतो. घशाकडे लक्ष द्या ताई, बाटली टेबलावर ठेवा, सलग दोन तास बोलणं टाळा, आणि आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा, अंगावर काढू नका. आपल्या व्यवसायात आवाज गेला तर काय उरलं.

सूचना देताना एका वेळी एक द्या आणि ती करण्याची गोष्ट असू द्या. "गोंधळ नको, नीट बसा, लक्ष द्या" यातलं काहीच करता येत नाही. "पेन खाली. वही बंद. माझ्याकडे बघा." हे करता येतं, आणि केलं की नाही ते दिसतं. "पुस्तक काढा, पान ४२ उघडा, तिसरा प्रश्न वाचा आणि उत्तर शेजाऱ्याला सांगा" असं एका दमात सांगितलं की अर्ध्या वर्गाला फक्त "शेजाऱ्याला सांगा" ऐकू येतं. बाकी काय होतं ते तुम्ही रोज बघताच.

रिकामी मिनिटं कामांच्या मधे किती लपलेली असतात याचं एक उदाहरण देते. मी एकदा सहज घड्याळ लावून बघितलं, वह्या गोळा करायला माझ्या वर्गात सात मिनिटं जात होती. प्रत्येक जण उठून टेबलापर्यंत यायचा, ढीग पडायचा, एखाद्याची वही खाली, त्याच्यावर कोणाचा तरी पाय, भांडण, "बाई याने मुद्दाम पाय दिला". मग पद्धत बदलली, खिडकीकडच्याने वही शेजाऱ्याकडे द्यायची, त्याने आपली वर ठेवून पुढच्याकडे, असं मधल्या वाटेपर्यंत, तिथून मागच्या बाकाकडून पुढच्या बाकाकडे, शेवटी चार गठ्ठे पहिल्या बाकांवर, कोणी उठायचं नाही. तीनदा सराव केला. दीड मिनिट. रोजची साडेपाच मिनिटं वाचली आणि त्यातली भांडणं तर संपलीच. तसंच प्रयोगाचं साहित्य वाटणं, तसंच गट करणं, तसंच पाणी प्यायला जाणं. "बाई पाणी पिऊन येऊ", "बाई शू ला जाऊ" हे दर दोन मिनिटांनी होत असेल तर दाराजवळ खिळ्याला लाकडी पट्टीचा एक पास अडकवा, मुलांचा एक आणि मुलींचा एक, पास जागेवर असेल तर न विचारता जायचं, नसेल तर थांबायचं. मात्र मुलींना कधीही अडवू नका, सातवीतल्या मुलींचं वय लक्षात घ्या, पास नसला तरी तिने नुसतं तुमच्याकडे बघितलं तरी मान हलवा.

प्रश्न विचारताना "बाई मी, बाई मी" म्हणून जो कल्ला होतो तोही आपणच तयार केलेला असतो. आपण प्रश्न विचारतो आणि सेकंदभरात कोणाचं तरी उत्तर घेतो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात हे मोजलं होतं, शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद थांबलं तर मुलांची उत्तरं मोठी आणि जास्त विचार केलेली येतात. मी गणिताला असं करते, प्रश्न विचारला की "सगळ्यांनी वहीत लिहा, हात वर नको", मनात पाच अंक मोजते, बाकांमधून एक फेरी, मग नाव घेते. आधी नाव घेऊन प्रश्न विचारलात की बाकीचे ५७ सुटले, त्यामुळे प्रश्न आधी आणि नाव नंतर.

आता एक गोष्ट जी बहुतेक शाळांत चालते आणि जी मला खरंच बंद व्हावीशी वाटते, मॉनिटरने बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणं. तुम्ही लहानपणी हे बघितलं असेल. मॉनिटरच्या मित्राचं नाव कधी लिहिलं जात नाही, ज्याच्याशी भांडण त्याचं पहिलं, नाव पुसायला पेन द्यावं लागतं, चिंच द्यावी लागते. आपण एका बारा वर्षांच्या मुलाला पोलीस करतो आणि बाकीच्यांना शिकवतो की न्याय असा मिळतो. मॉनिटरला कामं द्या, वाटपाची, फळा पुसायची, आणि दर आठवड्याला बदला, ज्याची सगळ्यात जास्त तक्रार येते त्यालाही पाळी येऊ द्या.

सगळ्या वर्गाला एकत्र शिक्षाही नको. चार जण बोलले आणि ५८ जणांचा खेळाचा तास गेला की जी ५४ तुमच्या बाजूची होती तीही गेली. शिक्षा म्हणून शंभर वेळा लिहायला लावू नका, ज्या हातांना लिहायची गोडी लावायची तेच लिखाण आपण शिक्षा करून टाकतो. वर्गाबाहेर उभं करणंही नको, मस्ती करणाऱ्याला व्हरांड्यात मस्तच वाटतं, शिकणं बुडतं, आणि त्या वेळात तो गेटबाहेर गेला, पडला, काही झालं तर जबाबदारी तुमचीच.

मग करायचं काय? बहुतेक वेळा फक्त जवळ जायचं. शिकवणं न थांबवता, बोलत बोलत, त्याच्या बाकापाशी जाऊन उभं रहायचं, बाकावर दोन बोटं टेकवायची. नव्वद टक्के तिथेच थांबतं, हा माझा अंदाज आहे, मोजलेलं नाही. यासाठी बाकांच्या मधे चालायला वाट पाहिजे, ५८ मुलांत ती काढणं अवघड आहे पण काढाच, दप्तरं बाकाखाली. नाही थांबलं तर वाकून कानाशी हळू, "दुसरं गणित कर, मी दोन मिनिटांनी बघायला येते", आणि लगेच निघून जायचं. तिथेच उभं राहून तो करतोय का बघत बसू नका. सातवीच्या मुलाला चार मित्रांसमोर लगेच ऐकलं तर कमीपणा वाटतो, तुम्ही पाठ फिरवली की तो थोडा वेळ तोंड वाकडं करेल आणि मग पेन हातात घेईल. त्याचं ते तोंड वाकडं करणं बघितलं नाही असं करा. पण दोन मिनिटांनी येते म्हणालात तर दोन मिनिटांनी जाच, इथेच सगळं ठरतं.

काही गोष्टींना मात्र असं सोडायचं नाही. जातीवरून बोलणं, कोणाच्या रंगावरून, अंगावरून, चालण्यावरून हसणं, मुलींबद्दल घाणेरडं बोलणं, मारामारी. तिथे तास थांबवायचा, आवाज न चढवता पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "हे या वर्गात चालणार नाही", ज्याला बोललं गेलं त्याच्याजवळ आधी जायचं, आणि ज्याने केलं त्याच्याशी तास संपल्यावर एकट्याने बोलायचं, मुख्याध्यापकांच्या कानावर घालायचं, वहीत तारखेसह नोंद ठेवायची. एकदा जरी आपण ऐकून न ऐकल्यासारखं केलं तर त्या मुलाला कळतं की इथे आपलं कोणी नाही.

कधी असाही दिवस येतो की काहीच चालत नाही, बाहेर लग्नाचा बँजो चालू आहे नाहीतर पाऊस पत्र्यावर कोसळतोय, वर्ग पार उसळलाय. अशा वेळी शिकवायचा हट्ट सोडा. लिखाण किंवा चित्र द्या, सगळ्यांना करता येईल असं, विज्ञानाच्या धड्यातली आकृती काढून नावं द्या, पाढे उलटे लिहा. उसळलेला वर्ग हाताच्या कामाने बसतो. शेवटच्या तासालाही हेच, एसटीची आणि मुलींची ने-आण करणाऱ्या निळ्या बसची वेळ जवळ आली की अर्धे कान रस्त्याकडे असतात, तेव्हा नवीन काही सुरू करू नका.

चांगलं वागणाऱ्यांचंही बघा. आपलं "शाब्बास" नेहमी त्याच पाच जणांना जातं. मी हजेरीपत्रकाच्या मागच्या पानावर रोज पाच नावं पेन्सिलने खूण करते, आज या पाच जणांचं काहीतरी नेमकं सांगायचं, "तू आज स्वतःहून शेजाऱ्याला पट्टी दिलीस", "तुझ्या हातच्याची चूक आज नाही झाली". ५८ मुलं म्हणजे बारा दिवसांत सगळा वर्ग होतो. आणि आठवड्यातून एक फोन घरी करा, चांगलं सांगायला. मी पहिल्यांदा असा फोन केला तर वडिलांनी उचलल्या उचलल्या विचारलं, "काय केलं त्यानं?" मी म्हटलं काही नाही, आज त्याने फळ्यावर येऊन गणित सोडवलं म्हणून सांगतेय. पलीकडे एवढा वेळ शांतता की मला वाटलं रेंज गेली.

आता तुमचा मागच्या बाकावरचा मुलगा. त्याच्याबद्दल तुम्ही दोन ओळी लिहिल्यात पण प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं मला तेच वाटलं.

आमच्या भागातून दसरा-दिवाळीनंतर कुटुंबच्या कुटुंबं ऊसतोडीला जातात, उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. असाच एक मुलगा मार्चमध्ये माझ्या वर्गात परत आला, त्याला आपण सोमा म्हणू. येईल त्या दिवसापासून बाक वाजवणं, पुढच्याच्या शर्टात कागद घालणं, गणिताच्या तासाला हमखास, चित्रकलेला कधीच नाही. मी आठवडाभर रागावले. मग एकदा जाणूनबुजून बघत राहिले की हे नेमकं कधी सुरू होतं, तर मी फळ्यावर भागाकार मांडला की दहा सेकंदात. साडेचार महिने तो फडावर होता, धाकटीला सांभाळत, भागाकार त्याच्या मागे सुटून गेला होता. त्याला वहीत काही लिहिता येत नव्हतं आणि ते शेजाऱ्याला दिसू द्यायचं नव्हतं. वर्गात ढ म्हणवून घेण्यापेक्षा मस्तीखोर म्हणवून घेणं परवडतं, मस्तीखोराला निदान मान असतो. मी त्याला वेगळं बसवलं नाही, सगळ्यांसमोर काही बोलले नाही, फक्त फळ्यावरच्या तीन गणितांत रोज एक असं घालायला लागले जे त्याला येईल, आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर वीस मिनिटं थांबवून घ्यायचे, सोबत आणखी चौघे. बाक वाजणं एकदम बंद झालं नाही पण मे पर्यंत कमी झालं होतं.

दुसरी एक मुलगी होती, सारखी शेजारणीच्या वहीत डोकं, सारखं "काय लिहिलंय, काय लिहिलंय", मी तिला बडबडी समजत होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी शाळेत तपासणीला आली तेव्हा कळलं की तिला फळाच दिसत नव्हता. चष्मा आल्यावर ती वर्गातली सगळ्यात शांत मुलगी झाली, आणि मला इतके महिने तिला रागावल्याचं अजून वाईट वाटतं.

म्हणून तुमच्या मुलासाठी आठवडाभर एक छोटी वही ठेवा. बाक वाजला की वेळ, त्याच्या आधी वर्गात काय चाललं होतं, आणि वाजवल्यावर त्याला काय मिळालं, मुलं हसली का, काम टळलं का, तुम्ही बघितलंत का. पाच दिवसांत काहीतरी दिसेल. त्याला एकदा पुढच्या बाकावरून आणि एकदा मागच्या बाकावरून फळ्यावरचा तोच शब्द वाचायला द्या, पाठमोरा उभा असताना हळू आवाजात हाक मारून बघा. सकाळी काही खाऊन येतो का ते विचारा, कोणासमोर नाही. तिसरीचा भागाकार द्या आणि बघा. यातलं काहीच नसेल आणि त्याला खरोखर दोन मिनिटंही एका जागी बसता येत नसेल, सगळ्याच तासांना, खेळतानाही, तर स्वतः कोणतंही नाव देऊ नका, तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीचे, विशेष शिक्षक असतात, मुख्याध्यापकांमार्फत त्यांना बोलावून घ्या. आणि तोपर्यंत त्याला उठायचं काम द्या, खडू आणणं, वह्यांचे गठ्ठे ठेवणं, हलायला मिळालं की अशा मुलांना बसणं सोपं जातं.

हे सगळं एकदम करायला जाऊ नका, पहिल्याच आठवड्यात दमून सोडून द्याल. या सोमवारी फक्त दारात उभं रहा आणि फळ्यावर तीन गणितं. पुढच्या सोमवारी हात वर करायची खूण. वह्यांचं त्याच्या पुढे. आणि मुख्याध्यापकांना आत्ताच जाऊन सांगा की मला तीन आठवडे द्या, मी अशी अशी पद्धत बसवतेय, पहिले काही दिवस वर्ग थांबलेला दिसेल. त्यांनी बाहेरून बघून मधेच आत येऊन ओरडून शांत केलं तर तुमचं काम परत शून्यावर येईल, म्हणून हे आधी बोलून घ्या. जमलं तर त्या मुलाच्या वहीत आठवड्याभरात काय दिसलं ते मला कळवा, आपण पुढचं बोलू.